जिब पोल: अडलेला हातभर अखेर सुटला

माझ्या शिडाच्या बोटीवरचा जिब पोल, म्हणजे पुढचं शीड (जिब) बाहेर ताणून धरणारा दांडा, आता पूर्ण परत येतो! मास्टच्या (डोलकाठीच्या) पुढे हातभर तुकडा अडून बसायचा, तो रविवारी बेलापूरच्या खाडीत प्रत्येक जाइबला (वारा पाठीवर असताना शिडं एका बाजूहून दुसरीकडे फिरवताना) सरसर मागे येऊन बूमला (मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्याला) लागला. लाँचिंगचं, म्हणजे पोल बाहेर काढायचं, मागच्याच अपडेटमध्ये जमलं होतं, त्यामुळे आज सगळं परतीबद्दल.

स्पिनेकरवाल्यांना (पाठीवरच्या वाऱ्यासाठी वेगळं फुगीर शीड लावणाऱ्यांना) वाटेल, एवढा खटाटोप कशाला? पण खाडीच्या तोंडापासून दिवाळे गावाकडे परत फिरलं की दुपारचा खारा वारा थेट पाठीवर येतो. मेनच्या (मोठ्या शिडाच्या) आडोशाला जिब गळून पडते. गूजविंग करायचं (दोन शिडं दोन बाजूंना उघडायची) तर क्रूने क्लू (जिबचा मागचा खालचा कोपरा) हातात धरून बसायचं, म्हणजे त्याचं वजन हवं तिथे मिळत नाही. पोल लागला की जिब ताणून उभी राहते आणि बोटीचा वेग लगेच जाणवतो.

मांडणी तीच आहे. क्लूला बांधलेली दोरी पोलच्या टोकातून आत शिरते, बुडाकडून बाहेर पडते आणि मास्टवरच्या ब्लॉकमधून (कप्पीतून) क्लीटला (दोरी अडकवायच्या खुंटीला) येते. ओढली की टोक क्लूला भिडतं आणि बूड मास्टवर टेकतं. सोडली की इलास्टिकने बूड बूमवरून मागे खेचायचं. घोडं अडत होतं ते इथेच.

माझी बूम २.५ मीटर, पोल १.७५. पोल आत (बूमला लागून) असताना बुडापासून बूमच्या मागच्या टोकापर्यंत जेमतेम ७५ सेंटिमीटर उरतात. पोल बाहेर गेला की तेच अंतर अडीच मीटरच्या आसपास जातं, म्हणजे तिपटीहून जास्त. शॉक कॉर्ड, म्हणजे हे इलास्टिक, साधारण दुपटीपर्यंतच ताणते. त्यामुळे ती लांब ठेवली की परतीच्या शेवटच्या टप्प्यात ढिली पडते आणि पोल हातभर बाहेर राहतो. आखूड ठेवली की पोल मास्टपर्यंत पोचतच नाही. त्या बाहेर राहिलेल्या टोकात जिबची शीट (शीड ओढायची दोरी) अडकायची आणि भाचा पुढून ओरडायचा, "मामा, परत अडकली, थांब!" ५ मिमीच्या जागी ६ मिमी लावून पाहिली, तर लाँचिंगची दोरी एका हाताने ओढवेना. जाडी वाढवून ओढ वाढते, ताणायची टक्केवारी तीच राहते.

उत्तर निघालं लांबीतून. आता इलास्टिक बुडापासून बूमच्या मागच्या ब्लॉकला जाते, तिथून पुढे गूजनेकजवळच्या (बूम मास्टला जोडते त्या सांध्याजवळच्या) ब्लॉकला आणि पुन्हा मागे येऊन बांधलेली आहे. न ताणलेली लांबी ४.४ मीटर. पोल आत असताना ती साधारण ५.४ मीटरच्या वाटेवर असते, बाहेर गेल्यावर ७.१ च्या. म्हणजे आत असतानाही ताण राहतो आणि पूर्ण बाहेर असतानाही ती दीडपटीच्या थोडी पुढेच जाते. ओढही पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास सारखी लागते. ५ मिमीच पुरली.

मात्र दोन वळणं आली की घर्षण आलंच. ऑनलाइन मागवलेले ब्लॉक 'बॉल बेअरिंग' म्हणून आले आणि उघडून पाहिले तर आत नुसती प्लास्टिकची चकती पिनेवर फिरत होती. ते काढून २२ मिमीचे हार्केन मायक्रो लावले. महाग आहेत, पण इथे काटकसर करू नका. लगेज बांधायचं इलास्टिकही नको, उन्हात त्याचा जीव जातो. दोरीसाठी ४ मिमी डायनिमा (फार मजबूत, गुळगुळीत कृत्रिम धाग्याची दोरी) उत्तम; तिच्यात साधी गाठ घसरते म्हणून क्लूकडे स्प्लाइस केला (टोक दोरीतच परत गुंफलं). तो इतका गुळगुळीत बसलाय की टोकातून जाताना बोटाला कळतही नाही.

भांगाची भरती होती, पाण्याची ओढ कमी होती, म्हणून एकामागून एक जाइब करता आले. पोल आत, बूम पलीकडे, पोल बाहेर. भाच्याला जागेवरून उठावं लागलं नाही. याचा आनंद मी अजून उपभोगतोय.

रबाळ्याच्या लेथवाल्याने नायलॉनचं बूड सुरेख कातून दिलंय. स्टीलचे रिव्हेट मात्र बदलायचेत. ॲल्युमिनियमशी त्यांचं खाऱ्या पाण्यात जमत नाही. भोकांभोवती पांढरी पूड दिसायला लागली आहे. मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) मिळाले तर तेच, नाहीतर खाली नायलॉनचा वॉशर.

पुढची पायरी इलास्टिक बूमच्या आत घालायची होती, पण हे लिहिता लिहिता बेत बदलला. दोरी पोलच्या आतून जाते म्हणून दोन्ही टोकं उघडी आहेत. बोट उलटली आणि पोल सुटला तर पाणी भरून थेट चिखलात. दोरीसाठी आतून आरओ प्युरिफायरची ३/८ इंची नळी टाकली आणि तिच्याभोवतीची जागा फोमने भरली तर? पोल तरंगेल आणि दोरी ॲल्युमिनियमच्या काठावर घासणारही नाही. २२ मिमीच्या पोकळीत नळीभोवती फोमला पुरेशी जागा आहे. बूमचं काम आता नंतर, आधी हे.

कुणी अशा अरुंद नळीत पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरलाय का? पावणेदोन मीटर आतपर्यंत तो सलग पोचतो, की मध्येच फुगून वाट बंद करतो? दोन्ही टोकांकडून अर्धा अर्धा भरावा असं मनात आहे. नळीचा तुकडा आणलाय, फोमचा डबा अजून फोडलेला नाही.