एकतिसावी तबकडी : भाग ३ चा हम, अर्थिंग आणि तांब्या-भांडं

मंडळी, आपल्या 'एकतिसावी तबकडी' या श्रुतिकेचा भाग ३ चाचणी-श्रोत्यांकडे गेला आणि पहिलाच निरोप आला : "मस्त झालंय. फक्त अर्थिंग चेक कर, मागे हम येतोय."

तो हम, म्हणजे विजेच्या गुणगुणीसारखा वाटणारा खर्ज, हाच आपला सिग्नल! नाटकातल्या रेडिओ दुर्बिणीवर अवंती आणि शिंत्रेला अंतराळातून ऐकू येणारी हाक. ज्याच्यावर मागच्या अपडेटमध्ये मी रकानेच्या रकाने लिहिले, तोच. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या टोकाची तक्रारही हजर : "अवंती एवढी दचकते कशाला? काही वाजलंच नाही." म्हणजे हेडफोन लावणाऱ्यांना सिग्नल हा बिघाड वाटला आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांना तो ऐकूच आला नाही. ज्या आवाजावर अख्खी श्रुतिका उभी आहे, त्याची ही गत.

बाकीची मतं आधी उरकते. पात्रांची नावं कमी घेतली जातात, ही तक्रार नाशिकच्या काकांची. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत मोठा झालेला माणूस, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी मुकाट्याने ऐकते. दिसत नाही तिथे "हे बघ शिंत्रे" असं म्हणावंच लागतं, नाहीतर तीन पुरुषी आवाजांची खिचडी होते. मान्य, दुरुस्ती करतेय. एकाने १९३८ च्या त्या अमेरिकी रेडिओ नाटकात मंगळवासीयांच्या स्वारीच्या होत्या तशा खोट्या बातम्या मध्ये घालायला सुचवलं. नको. त्या रात्रीच्या घबराटीच्या बऱ्याचशा कथा वर्तमानपत्रांनी फुगवलेल्या होत्या, आणि बातमीपत्राची युक्ती आता इतकी वापरून झालीय की श्रोता दुसऱ्या वाक्याला ओळखतो. एकतिसावी तबकडी कोणाची, हे सांगायचं की नाही यावर मात्र सरळ दोन तट आहेत. मी न सांगणाऱ्यांच्या बाजूची, पण त्याबद्दल शेवटचा भाग लिहिताना भांडू.

एक गोष्ट मात्र मिरवणारच. नाटकात दुर्बिणीचं नाव घेतलेलं नाही, तरी ३० तबकड्या, म्हणजे डिश अँटेना, म्हटल्यावर सगळ्यांनी पुणे जिल्ह्यातलं खोडद, तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ओळखलं. ३० अँटेनांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात ४३५. भाग २ मध्ये अवंती पहाटे स्क्रीनवरचे आकडे वाचते, त्यात "जोड्या ४६५" असं एकदाच, घाईत, चहाच्या कपाच्या आवाजाखाली येतं. कोणी पकडलं नव्हतं. परवा अकरावीतल्या भाच्याचा मेसेज : "मावशी, ४६५ म्हणजे ३१ ना?" त्या पोराला मी जेवायला घालणार आहे.

आता हमकडे.

आधी हे पाहायचं होतं की तक्रार माझ्या सिग्नलची आहे की खरंच रेकॉर्डिंगमध्ये विजेचा हम घुसलाय. सिग्नलचा ट्रॅक म्यूट केला, संवाद तेवढे ठेवले आणि शांत जागा वाढवून ऐकल्या. होता! बारीक, पण होता. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर घेतला, तर बराचसा गेला. चार्जर दोन पिनांचा, अर्थिंगचा प्रश्नच नाही. उरला तो एका माइकवर. ऑनलाइन मागवलेल्या एक्सएलआर (माइकच्या) केबलचं डोकं उघडलं तर आतली जाळी, जी बाहेरचा हम अडवते, ती पिन १ पर्यंत पोचलेलीच नाही. तार वळवून नुसती बाजूला ठेवलेली, डाग (सोल्डर) दिलेलाच नाही. विक्रेत्याने पैसे परत करायला नकार दिला, का तर म्हणे केबल "उघडलेली" आहे. उघडल्याशिवाय कळणार कसं, हे त्याला विचारून काही उपयोग नव्हता. मी डाग देऊन टाकला. माझं मत विचाराल तर केबल तयार घेऊच नका. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून मीटरवर वायर आणि सुटे कनेक्टर घ्या, एक दुपार घालवा. तयार केबलपेक्षा जास्त टिकतात आणि आत काय आहे ते तुम्हाला माहीत असतं.

खरा हम गेला. तक्रार गेली नाही. कारण सिग्नलचा मूळ स्वर मी ५० हर्ट्झला ठेवलाय, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झचीच. आपला कान जन्मापासून ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक, देवळातला जुना ॲम्प्लिफायर हे सगळं त्याच सुरात, बरेचदा एक सप्तक वर, ऐकत आलाय. तो सूर आला की मेंदू म्हणतो "वायरिंग" आणि ऐकणं बंद करतो.

हे माझ्या लक्षात आलं ते न्यू जर्सीच्या मावसबहिणीमुळे. सगळ्या हेडफोनवाल्यांत फक्त तिनेच तक्रार केली नाही. उलट ती म्हणाली, "भिंतीतून काहीतरी येतंय असं वाटलं, मी हेडफोन काढून पाहिला." अगदी हवा होता तो परिणाम! तिच्या घरातली वीज ६० हर्ट्झची. ५० ला षड्ज धरला तर ६० म्हणजे सहाला पाच, बरोबर कोमल गंधार. तिच्या भिंती गंधारावर गुणगुणतात आणि माझा सिग्नल खाली षड्जावर. तिच्यासाठी तो परका, आपल्यासाठी घरचा. पेटीवर दोन्ही एकामागून एक वाजवून बघा, फरक लगेच कळेल.

मग सूर बदलून टाकायचा? ४३ करून पाहिला, ५६ करून पाहिला. हमची तक्रार जाते, पण मोबाइलवाल्यांचं दुखणं तसंच. फोनचा स्पीकर चारशे-पाचशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुकाच असतो. आणि लाउडनेसचा मीटर इथे काही कामाचा नाही. एलयूएफएस या लाउडनेसच्या एककाचं मोजमाप खर्ज मुळातच कमी धरतं, त्यामुळे मीटर शहाण्यासारखा उणे १६ दाखवतो आणि खाली काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नसतो.

हरवलेल्या मूळ स्वराचा उपाय तुम्ही सगळे सुचवणार, म्हणून आधीच सांगते : केला. सिद्धांत पक्का आहे. जुन्या लँडलाइनवर ३०० हर्ट्झच्या खालचं काही येतच नसे, तरी बाबांचा शंभर-सव्वाशेचा आवाज घोगराच ऐकू यायचा. वरच्या सहस्वरांवरून, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींवरून, कान खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. पण तो शंभर हर्ट्झच्या माणसाचा हिशेब. ५० च्या बाबतीत फोनवर उरतात ते दहाव्याच्या आसपासचे आणि पुढचे सहस्वर, आणि तिथे ते इतके दाटीने येतात की कान त्यांना सुटे धरत नाही. खर्ज भरून येतो खरा, पण फार अशक्त. ठळकपणे ऐकू येतो तो करकरीत गुंजारव. रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅचुरेशन (सहस्वर वाढवणारा परिणाम) वाढवत नेलं, थर लावले, मध्यभाग उचलला. भाच्याचा शेरा : "बोअरची मोटर." दूर अंतराळातून आलेल्या हाकेला!

(रीपरचं जाता जाता : ६० दिवस फुकट वापरता येतं, नंतरही ते हाकलून देत नाही, फक्त सुरुवातीला थोडं लाजवतं. लायसन्स घ्या. इतकं काम करून घेतो आपण त्याच्याकडून. ऑडॅसिटी कापाकापीला अजूनही माझ्या हाताशी असते, पण इतके ट्रॅक झाल्यावर ती माझ्याकडे गुदमरते.)

तिढा सुटला तो नाशिकच्या काकांच्या फोनवर. त्यांचा मुद्दा साधा होता. सिग्नल ऐकू येत नसेल तर येऊ नये, पण खोलीत त्याने काहीतरी हलायला हवं. नियंत्रण कक्षात शिंत्रेने रिसीव्हर स्पीकरला जोडलाय, रात्रपाळी आहे, मग त्याच्या टेबलावर पाणी नसेल का?

असेल की. तांब्या-भांडं असेल.

घरचा पितळी तांब्या घेतला, त्यावर फुलपात्र उपडं घातलं आणि दोन्ही जुन्या स्पीकरच्या खोक्यावर ठेवून ५० हर्ट्झ सोडला. आवाज हळूहळू वाढवला. बराच वेळ काही नाही. मग एका जागी फुलपात्राने थरथरायला सुरुवात केली, आधी नुसती कुजबुज, मग खणखण, आणि मग ते तांब्याच्या काठावर स्वतःभोवती फिरायला लागलं. माइक हातभर लांब, खाली घडी घातलेली चादर. पाण्याने फरक पडतो : तांब्या रिकामा असला तर खणखण पत्र्यासारखी कोरडी येते, अर्ध्याच्या वर भरला की तीच भरीव, जड होते. गळ्यापर्यंत भरलेला मला आवडला. फुलपात्र स्टीलचं हवं, पितळेचं फार गोड वाजतं.

ही खणखण बहुतेक दोन-तीन हजार हर्ट्झच्या भागात आहे, म्हणजे अगदी स्वस्तातल्या फोनवरही चोख येते. नवीन मिक्स आधी न ऐकलेल्या दोघांना मोबाइलवर ऐकवलं. दोघांनीही विचारलं, "ते भांडं का वाजतंय?" बास. श्रोत्याने हाच प्रश्न विचारायला हवा होता. शिंत्रे भांड्यावर हात ठेवतो, आवाज थांबतो, हात उचलतो, परत सुरू. संवादाची एक ओळसुद्धा लागली नाही. हा तुकडा मी विनाकारण पुन्हा पुन्हा ऐकतेय.

इथपर्यंत लिहून मी अपडेट टाकणारच होते, पण "अर्थिंग चेक कर" हे वाक्य डोक्यातून जाईना. तो श्रोता काय चुकीचं बोलला? खोडदला हा आवाज आला असता तर तिथल्या माणसानेही पहिलं हेच म्हटलं असतं. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा गोंगाट ही तिथली जुनी डोकेदुखी आहे. दर दहा मिलिसेकंदांनी ठिणगी, वारंवारतेच्या सगळ्या पट्ट्यांत एकदम. भाग १ नंतरच एकाने मला विचारलं होतं, "शेवटी मायक्रोवेव्ह निघणार ना?" ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीला वर्षानुवर्षं छळणारे गूढ सिग्नल २०१५ मध्ये तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले, कोणीतरी वेळ संपायच्या आधी दार उघडत होतं म्हणून. आपल्या श्रोत्यांना हे सगळं पाठ आहे. ते कानाआधी संशय घेऊन बसतात. मग तो संशय शिंत्रेनेच आधी घ्यावा.

म्हणजे सूर ५० चाच ठेवायचा. ४३ आणि ५६ बाद! शिंत्रे पहिल्या मिनिटाला वैतागून म्हणणार, "अर्थिंग बघा रे कोणीतरी." हेडफोनवाले मनात म्हणणार, तेच म्हणतोय आम्ही. अवंती खालच्या शेतातल्या डीपीपासून (ट्रान्सफॉर्मर) जनरेटरपर्यंत सगळं बंद करवते. मग खरी गंमत. आपल्या ग्रिडची वारंवारता नेमकी ५० कधीच थांबत नाही. नियमांनी आखून दिलेला पट्टाच ४९.९० ते ५०.०५ असा आहे, आणि भार वाढला-घटला की ती त्यात आणि कधी बाहेरही डुलत राहते. हा डोल पाहायचा सोपा मार्ग म्हणजे मूळ स्वर सोडून दहावा सहस्वर बघायचा. तिथे ५०० च्या आसपास तोच डोल दसपट मोठा दिसतो. अवंती रात्रभराचा आलेख काढते : विजेची रेघ नागमोडी, सिग्नलची रेघ सरळ. ५०.००, पहाटेपर्यंत. वीज अशी वागत नाही.

याने भाग ३ चा मधला प्रवेश पूर्ण बदलतो आणि दोघांना पुन्हा रेकॉर्डिंगला बोलवावं लागेल. शिंत्रे करणारा तयार आहे, अवंती करणारीची परीक्षा संपायची आहे.

यात एक गोची अजून सुटलेली नाही. मागे ठरवलं होतं की सिग्नल वरून खाली घसरत यावा. अंतराळातल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी उशिरा पोचतात, उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, त्यामुळे बाहेरून आलेला स्पंद शिट्टीसारखा उतरतो. पण ठिणगीचा गोंगाट घसरत नाही. भाग ३ मध्ये घसरण ऐकवली तर जाणकार लगेच म्हणणार, हे जमिनीवरचं नाहीच, आणि शिंत्रेचा संशय फुकट जाणार. म्हणून भाग ३ सरळ, भाग ४ मध्ये घसरण सुरू. आणि आत्ता लिहिताना सुचतंय : भाग ५ मध्ये ती उलटी केली तर? आधी खर्ज, मग वरचे स्वर. कोणीतरी वाटेतला उशीर आधीच हिशेबात धरून पाठवल्यासारखं. फोनवर तो शून्यातून उगवेल, हेडफोनवर पायाखालून. करून बघते, जमलं नाही तर सांगेन.

तुमच्याकडून एक मदत हवी. भाग ३ च्या त्या आलेखासाठी खरा विजेचा हम हवाय, वेगवेगळ्या गावांचा. रात्री अकरानंतर फ्रिजजवळ किंवा सोसायटीच्या मीटर पॅनेलपासून सुरक्षित अंतरावर रेकॉर्डर ठेवून पाच मिनिटं घ्या. पॅनेल उघडू नका, कशाला हात लावू नका. परदेशात असाल तर ६० वालाही चालेल, मावसबहिणीच्या संवादाखाली वापरीन, तिला एक छोटी भूमिका द्यायचं घाटतंय. फाइल वेव्ह (.wav) फॉरमॅटमध्येच पाठवा. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये खर्ज आणि बारकावे दोन्ही पिळून निघतात आणि मला उरतं ते तुमच्या फ्रिजचं दार.