औक्षणाचा फोटो आणि अंजिरी शालू

आजीचे सहस्रचंद्रदर्शन बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरातच व्हावे, हा तिचा हट्ट होता आणि तो सर्वांनी आनंदाने पुरवला. फोटो काढण्याचे काम माझ्याकडे आले. माजघरात तेलाच्या दिव्यांनी औक्षण चालले होते, मागच्या भिंतीवर ट्यूबलाइट होती आणि खिडकी एकच, तीही बोळाकडची. कॅमेऱ्याने ज्योतींचा उजेड पाहून प्रकाश कमी धरला, त्यामुळे ज्योती लख्ख आल्या आणि आजीचा चेहरा काळवंडला. तिचा अंजिरी शालू तर चक्क तपकिरी दिसत होता. तोच फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचा होता, म्हणून तो सुधारल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

पहिल्या दिवशी मी कॅमेऱ्यातून आलेली जेपेग फाइलच उघडली आणि उजेड वाढवत गेले. चेहरा उजळला, पण गालावर आणि मानेवर चौकोनी डाग उमटले. जेपेगमध्ये चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबून साठवले जाते आणि प्रत्येक रंगाच्या केवळ 256 पायऱ्या असतात. अंधाऱ्या भागाच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच येतात, त्या ताणल्या की मधली पोकळी दिसू लागते. शिवाय दर दुरुस्तीनंतर मी तीच फाइल पुन्हा जेपेगमध्ये साठवत होते, त्यामुळे दर वेळी थोडा तपशील गळत गेला. दोन संध्याकाळी अशा वाया गेल्यावर लक्षात आले, की कॅमेऱ्याने जेपेगच्या जोडीला रॉ फाइलही, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंदही, ठेवली आहे आणि कार्ड मी अजून पुसलेले नाही.

माझ्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 14 बिटांच्या, म्हणजे 16,384 पायऱ्या असतात. ती मी डार्कटेबल या मोफत प्रणालीत उघडली आणि तेवढाच उजेड वाढवला, तेव्हा आजीच्या कपाळावरच्या आठ्या, कुंकवाची कड आणि नथीतला मोती हे सगळे हळूहळू वर आले. ज्योतींचे पोट मात्र पांढरेफटकच राहिले. जिथे सेन्सर पूर्ण भरून गेला तिथे नोंदच झालेली नसते, म्हणून ते उकरून काढण्याचा नाद मी सोडला. ज्योत तशीही डोळ्यांना पांढरीच दिसते.

खरी कसोटी रंगाची होती. उजेडाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात. तेलाच्या दिव्याचा उजेड साधारण 1,900 केल्विनचा, पिवळा. ट्यूबलाइटचा सुमारे 6,500 केल्विनचा, निळसर. कॅमेऱ्याने आपोआप मधला आकडा धरला होता, त्यामुळे दोन्ही उजेड चुकले होते. चेहऱ्याचा पिवळेपणा काढावा तर मागची भिंत निळी पडे, भिंत सुधारावी तर आजी हळदीने माखल्यासारखी दिसे. शेवटी भिंतीपुरता वेगळा मास्क, म्हणजे दुरुस्ती तेवढ्याच भागावर चालावी अशी हद्द, आखला, त्याची कड चांगली पसरट ठेवली आणि दोन भागांना दोन निरनिराळे रंगतोल दिले. दिव्यांच्या बाजूला पूर्ण पांढरा तोल साधण्याचे मी मुद्दाम टाळले, कारण औक्षणाची ऊब गेली असती तर तो फोटो औक्षणाचा राहिलाच नसता.

शालूसाठी मी स्मरणावर विसंबले नाही. आईने कपाटातून तो डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट काढून दिला. लॅपटॉप खिडकीशी नेला आणि घडीचा एक पदर पडद्याशेजारी धरला. तेव्हा कळले, की मी लाल रंग गरजेपेक्षा जास्त गडद केला होता आणि त्यामुळे शालूवरची जर केशरी झाली होती. लाल कमी केला, जांभळ्याकडे किंचित सरकवला, तेव्हा घडीच्या सावलीत दिसतो तो अंजिरी रंग पडद्यावर आला.

उजेड वाढवल्याने फोटोभर दाणे उमटले होते. रंगीत ठिपके मी पूर्ण काढले, करडे दाणे बरेचसे राहू दिले. पहिल्या खेपेला तेही पुसले होते, तर आजीचा चेहरा मेणाचा झाला होता. एक्क्याऐंशी वर्षांच्या सुरकुत्या पुसण्याचा मला काहीही अधिकार नाही, असे मला अगदी मनापासून वाटते.

पहिली छपाई काळपट आली. दोष माझ्या पडद्याचा होता. त्याची प्रखरता शेवटच्या टोकाला होती, म्हणून पडद्यावर पुरेसा वाटलेला उजेड कागदावर अपुरा पडला. प्रखरता निम्म्यावर आणून फोटो पुन्हा सुधारला. रंग एसआरजीबी या सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगपद्धतीत ठेवले, आणि फाइल व्हॉट्सॲपवरून न पाठवता पेनड्राइव्हवर दिली, कारण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होते आणि आणखी दाबले जाते.

दुसरी छपाई आजीने बराच वेळ हातात धरली आणि विचारले, "अगं, आत्याचा हात कुठे गेला?" चेहरा मोठा दिसावा म्हणून मी डावी बाजू कापली होती, तिथेच आत्याचा पाटल्या घातलेला, तबक धरलेला हात होता. रॉ फाइलला प्रणाली धक्का लावत नाही, केलेल्या पायऱ्या शेजारच्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवते. मी कापण्याची पायरी तेवढी रद्द केली, बाकी सगळे जसेच्या तसे राहिले. पूर्ण चौकट 6,000 बाय 4,000 पिक्सेलची, म्हणजे 18 बाय 12 इंचांच्या कागदावर इंचामागे 333 पिक्सेल, छपाईला लागतात त्याहून थोडे अधिकच. दिवाणखान्यात आता आत्याच्या हातासह तोच फोटो आहे.