नाताळ १९१४, फ्लरबे : १/३५ स्केलमधील डायोरामाची प्रगती

मागील नोंदीनंतर या डायोरामाच्या, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी उभ्या केलेल्या प्रसंगाच्या, जमिनीचे काम पुरे झाले आहे आणि पुतळ्यांचे काम निम्म्याच्या पुढे गेले आहे. ही मालिका नव्याने वाचणाऱ्यांसाठी विषय थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच नाताळात पश्चिम आघाडीवर ब्रिटिश आणि जर्मन सैनिकांनी ठिकठिकाणी आपण होऊन गोळीबार थांबवला. त्यांपैकी उत्तर फ्रान्समधील फ्लरबे गावाजवळचा एक प्रसंग मी करायला घेतला आहे.

या विषयावरच्या बहुतेक डायोरामांत मध्यभागी फुटबॉल असतो. काही सैनिकांच्या पत्रांत चेंडूचा उल्लेख येतो हे खरे असले, तरी रीतसर सामना झाल्याचा पुरावा फारच तोकडा आहे. शिवाय अनेक ठिकाणी बोलणी सुरू झाली ती खेळासाठी नव्हे, तर दोन खंदकांच्या मध्ये पडून राहिलेल्या मृतदेहांसाठी. फ्लरबेच्या भागात १८ डिसेंबरच्या रात्री ब्रिटिशांच्या सातव्या डिव्हिजनने हल्ला केला होता. तो फसला आणि पडलेल्यांना उचलून आणणे नंतर कोणालाच शक्य झाले नाही. २५ डिसेंबरला सहाव्या गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचे धर्मगुरू एस्लमाँट ॲडम्स यांच्या पुढाकाराने दोन्ही बाजूंचा एकत्रित दफनविधी झाला. बायबलमधले तेविसावे स्तोत्र आधी इंग्रजीत वाचले गेले आणि मग धर्मशास्त्र शिकणाऱ्या एका जर्मन तरुणाने ते जर्मनमध्ये वाचले. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश, अधिकारी पुढे आणि सर्वांची डोकी उघडी, असे वर्णन तिथे हजर असलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. त्या नाताळाचा खरा गाभा मला इथे दिसतो, म्हणून चेंडू घ्यायचा नाही हे मी आरंभीच ठरवले.

दोन्ही खंदक एकाच पाटावर दाखवण्याचा मोह बहुतेकांना होतो. परंतु मधली जागा सत्तर मीटर धरली तरी या स्केलमध्ये ती दोन मीटर भरते, आणि ती आक्रसून दाखवली तर त्या दिवशी माणसे किती अंतर उघड्यावर चालून आली हेच हरवते. म्हणून मी खंदक मुळीच दाखवलेले नाहीत. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या पाटावर फक्त मधल्या जमिनीचा तुकडा आहे, म्हणजे प्रत्यक्षातली साधारण साडेदहा बाय चौदा मीटर जागा.

जमिनीसाठी प्लास्टर, चाळलेली माती आणि फेव्हिकॉल यांचे मिश्रण वापरले. दिवाळीचा किल्ला ज्यांनी केला आहे त्यांना निव्वळ माती वाळताना कशी तडकते हे माहीत आहे, आणि फेव्हिकॉल पुरेसा असला की ती अडचण येत नाही. फ्लँडर्सची आघाडी म्हटली की आपण चकाकणारा ओला चिखल करतो. इथे ते चालणार नव्हते, कारण कित्येक दिवसांच्या पावसानंतर २४ तारखेला कडाक्याची थंडी पडून चिखल गोठला होता. त्यामुळे बुटांचे ठसे मी धारदार कडांचे ठेवले, सगळीकडे मॅट वार्निश मारले आणि चकाकी फक्त खड्ड्यांतल्या गोठलेल्या पाण्याला दिली. कबरींतून निघालेली माती मात्र गडद आणि ओलसर रंगवली आहे, कारण वरचा थर गोठला तरी खालची माती तशीच राहते. दहिवरासाठी पांढऱ्या पेस्टल खडूची पूड वार्निश वाळल्यानंतर केवळ ढेकळांच्या कडांवर टेकवली. वार्निशच्या आधी लावली तर ती बरीचशी दिसेनाशी होते.

पुतळ्यांच्या बाबतीत काळाचे भान सर्वांत महत्त्वाचे आहे. बाजारात मिळणाऱ्या पहिल्या महायुद्धाच्या संचांत पोलादी शिरस्त्राणे असतात. जर्मनांचे ते शिरस्त्राण १९१६ मध्ये आले आणि ब्रिटिशांचे १९१५ च्या उत्तरार्धात. विषारी वायूचा मोठा हल्ला एप्रिल १९१५ मधला, त्यामुळे वायूचे मुखवटेही बाद. त्यातून इथे सर्वांची डोकी उघडी, म्हणून तयार डोकी कापून प्रत्येकाचे केस एपॉक्सी पुटीने घडवावे लागत आहेत. हे काम वेळखाऊ असले तरी त्याने पुतळे पार बदलून जातात. उघड्या डोक्याच्या माणसाचे वय दिसते. एका जर्मन पुतळ्याची टोपी मी त्याच्या दोन्ही हातांत पोटाशी धरलेली दाखवली आहे. टोपीचा लाल पट्टा आघाडीवर करड्या कापडी पट्टीने झाकत असत. ती पट्टी थोडी सरकवून खालच्या लाल रंगाची बारीक रेघ ठेवली आहे, आणि संपूर्ण पाटावर लाल रंग तेवढाच आहे.

ब्रिटिश राजकन्या मेरी हिच्या नावाच्या निधीतून सैनिकांना नाताळची भेट म्हणून मिळालेली पितळी डबी एका स्कॉटिश सैनिकाच्या हाती दिली आहे. मूळ डबी जेमतेम पाच इंच लांब, म्हणजे या स्केलमध्ये साडेतीन मिलिमीटरहून किंचित अधिक. ती रंगवण्याऐवजी पितळी पत्र्यातूनच कापली. भारतीय सैनिकांतील अनेकांना या भेटीत खडीसाखर आणि मसाल्याची डबी मिळाली होती. हिंदी कोअरचा, म्हणजे फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय सैन्याचा, बराच भाग तेव्हा विश्रांतीसाठी मागे घेतला गेला असला, तरी ३९ व्या गढवाल रायफल्सचे जवान खंदकांतच होते आणि त्यांच्या समोरही शस्त्रे थांबली होती. आपल्याकडे हे फारसे सांगितले जात नाही, म्हणून पुढचा डायोरामा त्यांचाच करण्याचे ठरवले आहे.

५ डिसेंबरलाच ब्रिटिश सेनानी जनरल स्मिथ-डोरियन यांनी शत्रूशी सलगी न करण्याची ताकीद दिली होती. ते ध्यानात ठेवून एक ब्रिटिश अधिकारी थोडा बाजूला आणि अवघडलेला असा उभा करायचा आहे. त्याचा सांगाडा तारेवर तयार आहे, पण खांद्यांचा कल अजून मनासारखा नाही.

यापुढे गॉर्डन सैनिकांचे किल्ट, म्हणजे टार्टन या चौकटीच्या कापडाचे स्कॉटिश घागरे, राहिले आहेत. समोरून बहुतेक भाग खाकी आच्छादनाने झाकला जातो, परंतु मागून निळ्या-हिरव्या चौकटीवरची पिवळी रेघ दिसलीच पाहिजे. ॲक्रिलिक रंग पातळ केला की तो पसरतो आणि दाट ठेवला की रेघ जाड येते. या स्केलमध्ये टार्टन ऑइल रंगांनी कोणी रंगवले असल्यास रंग किती पातळ केला आणि कोणत्या क्रमांकाचा ब्रश वापरला हे अवश्य कळवावे. तोवर उरलेल्या डोक्यांचे केस पुरे करून घेतो.