पावसाळ्याआधी जुनी कॉमिक्स आवरताना
१९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्ससारख्या जुन्या अंकांचा आतला कागद हलक्या प्रतीचा. लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा पडतो, मग कोपरे तुटतात. पण साताऱ्याच्या पावसाळ्यात आधी दगा देते ती पिन. ती गंजते, भोवती तांबूस डाग पडतो आणि मधलं पान सुटून हातात येतं. अशी पिन ओढू नका. मधलं पान उघडून पिनचे पाय चपट्या पट्टीने उभे करा, बाहेरून अलगद काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. सेलोटेप तर नकोच, त्याचा चिकटा कागदात मुरतो. अंक ठेवायची पिशवी पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची, पीव्हीसी प्लॅस्टिकची नाही; मागे आम्लमुक्त पुठ्ठा. ओल धरणाऱ्या भिंतीपासून पेटी वीतभर लांब ठेवा. पेटीतल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की बदला.