मग तुम्हीच जंगलाला काडी का लावता?

वणवा नियंत्रणाच्या प्रादेशिक कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं, दिवसभर आगी विझवत असणार. विझवतोच. पण आमच्या कामाचा मोठा भाग ठरवून, नकाशावर आखून आणि हवामान बघून जंगलाला आग लावण्याचा आहे. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: सरकार तुम्हाला आग विझवायला पगार देतं ना, मग तुम्हीच काडी का लावता? काही जण कुतूहलाने विचारतात, काही चिडून. घरात दम्याचं माणूस असलेल्यांचा राग मला कळतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून लिहितोय. फोनवर हे धड सांगता येत नाही.

सुरुवात जळणापासून करतो. वणवा कसा वागणार हे जमिनीचा उतार, हवा आणि जळण या तिघांवर ठरतं. उतार बदलता येत नाही. चढावर आग किती धावते याचा एक जुना ठोकताळा आहे: दर 10 अंश चढाला वेग साधारण दुप्पट. वारा कोणाच्या ताब्यात नसतो. माणसाच्या हातून पडणारी ठिणगी थोडीफार रोखता येते, पण वीज पडायची ती पडतेच. म्हणजे आपल्या हातात उरतं ते जळण: गवत, पालापाचोळा, वाळक्या काटक्या, झुडपं, पडलेले ओंडके.

हे सगळं जळण एकाच वेगाने सुकत नाही, आणि आमचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. गवत आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काटकी तासाभरात हवेच्या कोरडेपणाशी जुळवून घेते. मनगटाएवढ्या फांदीला साधारण 100 तास लागतात, म्हणजे चार दिवस. जाड ओंडक्याला 1000 तास, म्हणजे सहा आठवडे. त्यामुळे वर्षात असे काही मोजके दिवस मिळतात की वरचा पाला कुरकुरीत झालेला असतो आणि ओंडक्यांच्या पोटात, पाल्याच्या खालच्या थरात अजून ओल असते. त्या दिवशी लावलेली आग गुडघ्याएवढ्या ज्वाळांनी सरकते, पाला खाते आणि मोठी झाडं सोडून पुढे जाते. तेच जंगल ऐन उन्हाळ्यात, सगळं काही वाळलेलं असताना आणि वारा सुटलेला असताना पेटलं तर आग शेंड्यांवर चढते, मातीतली मुळं जाळते, आणि मग हेलिकॉप्टरने ओतलेलं पाणी खाली पोचेपर्यंत त्याचा फारसा उपयोग उरत नाही. काही जंगलं जळणारच असतात. ती कोणत्या दिवशी जळावीत, एवढंच आपण ठरवू शकतो.

हे मान्य व्हायला जगाला फार वेळ लागला. अमेरिकेची वनसेवा 1905 साली स्थापन झाली आणि 1910 च्या ऑगस्टमध्ये आयडाहो, मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं. निदान 85 माणसं गेली, त्यातली बहुतेक आग विझवणारी. त्या धक्क्यातून आग म्हणजे शत्रू हा विचार पक्का झाला. 1935 मध्ये तर नियमच झाला की कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. हा नियम 1978 पर्यंत चालला. त्या पिढीच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पाठीवर पंप आणि हातात कुदळ एवढ्यावर ती माणसं ज्वाळांसमोर उभी राहिली. पण दर काही वर्षांनी एखादी हलकी आग ज्या जंगलातून फिरून जायची, तिथे पालापाचोळा आणि झुडपं साठत गेली, आणि तो साठा आज आमच्या वाट्याला आला आहे.

कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया वृक्षांचं उदाहरण मी नेहमी देतो. त्यांची साल दोन फुटांपर्यंत जाड असते. त्यांची बोंडं वर्षानुवर्षं मिटलेली राहतात, खालून आगीची ऊब लागली की उघडतात आणि पाला जळून मोकळ्या झालेल्या मातीत बी रुजतं. हजारो वर्षं आगीसोबत जगलेली ही झाडं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत 1968 पासून नियंत्रित जाळणी सुरू झाली, पण सगळीकडे ती पोचली नाही. 2020 च्या एका वणव्यात सिएरा नेवाडा पर्वतरांगेतले मोठे सेक्वोया 10 ते 14 टक्के मेले असा उद्यान विभागाचा अंदाज आहे. ज्या झाडाला आगीशिवाय संसार करता येत नाही, ते झाड आगीनेच मारलं, कारण ती आग भलत्या दिवशी आणि भलत्या जळणावर आली.

हे शहाणपण आमच्या खात्यांनी शोधलेलं नाही, हेही सांगायला हवं. उत्तर ऑस्ट्रेलियात आदिवासी समाज पिढ्यानपिढ्या कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला थोडं थोडं गवत जाळत आले. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये 2006 पासून तेच काम त्यांचे वनरक्षक पुन्हा मोठ्या प्रमाणावर करू लागले, आणि हंगामाच्या शेवटी लागणाऱ्या प्रचंड आगी तिथे कमी झाल्या. भारतातही ब्रिटिश वनखात्याने 1860 च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात आगबंदी लागू केली होती. पुढे साल वृक्षांच्या काही दमट जंगलांत आग पूर्ण थांबवल्यावर त्या वृक्षांची नवी रोपं नीट येत नाहीत, हे वनाधिकाऱ्यांच्याच लक्षात आलं आणि हलकी जाळणी पुन्हा सुरू करावी लागली. म्हणून सरसकट जाळत सुटावं असं मात्र नाही. सदाहरित वर्षावनाला आगीची सवयच नसते, तिथे एक आगही जास्त. काही झुडपी रानं फार लवकर लवकर जळली तर नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी परकं गवत माजतं. कुठलं जंगल कुठल्या अंतराने आग मागतं हे समजून घेण्यातच अर्धी नोकरी जाते.

आता जाळणीचा दिवस. सकाळपासून तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद चालू असते. योजनेत प्रत्येकाची वरची-खालची मर्यादा लिहिलेली असते आणि एक जरी आकडा बाहेर गेला तरी काम थांबतं. चहूबाजूंनी जाळरेषा काढलेली, म्हणजे माती उघडी पडेपर्यंत खरवडलेला पट्टा. सगळ्यांना जमवून पळायची वाट कोणती आणि सुरक्षित जागा कोणती हे बोटाने दाखवलं जातं; नवख्याकडून ते परत वदवून घेतलं जातं. मग एका कोपऱ्यात चाचणीची छोटी आग. ती कशी चालते, धूर कुठे झुकतो हे सगळे गप्प राहून बघतात. पटलं तरच ड्रिप टॉर्च पेटतात. ही डिझेल-पेट्रोलचं मिश्रण भरलेली एक किटलीच. चोचीतून जळते थेंब पडतात. सुरुवात वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून होते, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध, सावकाश मागे सरकते आणि त्या काठाला काळा, म्हणजे आधीच जळून गेलेला पट्टा तयार होतो. तो पुरेसा रुंद झाला की मग पुढच्या ओळी.

खरी परीक्षा नंतरची. ज्वाळा विझल्यावर माणसं हातमोजा काढून हाताची पाठ राखेजवळ नेतात, आधी वरून ऊब घेतात, मग चाचपतात. बुंध्याखालचं मूळ आत धुमसत असेल तर तिथे खणून पाणी घालायचं. हे काम कोणाच्या फोटोत येत नाही, पण माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं तेच.

कारण चूक झाली तर काय होतं हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. 2000 साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अशीच एक जाळणी हाताबाहेर गेली आणि लॉस अलामोसमध्ये शेकडो कुटुंबांची घरं जळाली. 2022 मध्ये त्याच राज्यात दोन आगी एकत्र आल्या. एक एप्रिलमधल्या जाळणीतून सुटली. दुसरी जानेवारीत जाळलेल्या फांद्यांच्या ढिगातून. तो ढीग बर्फाखाली महिनोन् महिने धुमसत राहिला होता. मिळून 3,41,000 एकर जळालं. वनसेवेने देशभरातली सगळी जाळणी 90 दिवस थांबवून कार्यपद्धती तपासली. अशा जाळण्यांपैकी 99.84 टक्के ठरल्याप्रमाणे पार पडतात असं तेव्हा वनसेवेच्या प्रमुखांनी सांगितलं होतं. आकडा खरा आहे, पण ज्यांचं घर गेलं त्यांच्यापुढे तो उच्चारायची माझी हिंमत होणार नाही.

म्हणून सहीबद्दल बोलतो. योजनेवर शेवटची सही माझी असते, आणि या नोकरीत सगळ्यात अवघड शब्द ‘आज नको’ हा आहे. माणसं लांबून आलेली असतात, गाड्या भरलेल्या असतात, वर्षाचं एकरांचं उद्दिष्ट डोक्यावर असतं आणि आर्द्रता ठरल्यापेक्षा थोडीशीच खाली असते. तरी नकोच. उद्दिष्ट कागदावरचं आहे, दरीतली घरं खरी आहेत. सहकाऱ्यांना मी सांगून ठेवलंय की रेषेवरच्या सगळ्यात नव्या माणसाला काही खटकलं आणि त्याने थांबा म्हटलं, तर थांबायचं. त्याची कारणं नंतर ऐकायची.

पैशाचं गणित मात्र मला बोचतं. वणवा पेटला की निधी कमी पडू देत नाहीत. जाळणीसाठी मागितला की फाइल फिरत राहते. अमेरिकी वनसेवेच्या खर्चात 1995 साली आगीचा वाटा 16 टक्के होता, 2015 मध्ये तो निम्म्याच्या वर गेला. विझवण्यातच पैसा संपला की जंगल राखायला उरतं काय? आगीआधीच्या कामाला स्वतंत्र, हात न लावता येणारा निधी हवा, हे मी प्रत्येक बैठकीत म्हणतो आणि म्हणत राहीन.

राहिला धूर. तो त्रास देतो, हे मी नाकारत नाही. धूर उंच चढून पांगेल असाच दिवस आम्ही निवडतो, कारण रात्री थंड हवा दरीत बसली की धूर तिथेच कोंडतो. वणव्याचा धूर आठवडेच्या आठवडे राहतो आणि सांगून येत नाही. जाळणीचा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ओसरतो आणि त्याची तारीख आधी सांगता येते. घरात कोणाला दमा असेल, तान्हं बाळ असेल, म्हातारं माणूस असेल, तर जाळणीच्या आधी आमच्याकडे नाव नोंदवा. आदल्या दिवशी फोन येईल. खिडक्या कधी लावायच्या, रुग्णाला तेवढ्यापुरतं दुसरीकडे न्यायचं का, हे तेव्हा बोलू. आणि हवा फिरली म्हणून जाळणी रद्द झाली, तर तोही फोन येईल.