कच्चा लिंबू

दर मे महिन्यात मी मुलांना घेऊन केरीला जाते. अंजुण्याच्या धरणाजवळचं, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं माझं माहेर. यंदा चिन्मय नऊ वर्षांचा, मुक्ता चारची. डिचोलीत आम्ही फ्लॅटमध्ये राहतो आणि खाली पार्किंगमध्ये ‘खेळण्यास सक्त मनाई’ असा फलक आहे. म्हणून चिन्मयला फुटबॉलच्या कोचिंगला घातलं. तिथे दहा वर्षांखालची मुलं वेगळी, बारा वर्षांखालची वेगळी. फाऊल झाला की नाही ते सर ठरवणार. मुक्ता कुंपणाबाहेर, माझ्या कडेवर.

केरीला पहिल्याच संध्याकाळी देवळामागे लगोरी रंगली. फुटक्या कौलांचे सात तुकडे, एक जुना टेनिस बॉल आणि पाचपासून पंधरा वर्षांपर्यंतची अकरा पोरं. चिन्मयला चेंडू लागला. तो म्हणाला, लागलाच नाही. भांडण झालं. पाय आपटत तो पायरीवर येऊन बसला. मी उठणार तोच आईने हात धरला. “बस गो.”

त्याची समजूत काढायला कुणीच आलं नाही. खेळ चालूच राहिला. दहा-पंधरा मिनिटांनी तो आपणहून उठला, परत गेला, आणि कुणी त्याला काही विचारलंही नाही.

मी बालवाडीत शिकवते. प्रशिक्षणात रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्की अभ्यासाला होता. खेळताना मूल आपल्या वयाच्या पुढे जाऊन वागतं, कारण खेळाला नियम असतात आणि खेळात राहायचं म्हणून ते स्वतःच्या मनाला आवर घालतं, असं त्याचं म्हणणं. परीक्षेत मी ते व्यवस्थित लिहिलं होतं. त्या पायरीवर मात्र ते मला माझ्याच मुलात दिसलं. मी मध्ये पडले असते तर ती पंधरा मिनिटं त्याला मिळालीच नसती.

मुक्तालाही खेळायचं होतं. माझ्या मनात आलं, आता हिला हाकलणार. पण त्यांच्यातली सगळ्यांत मोठी, पंधराएक वर्षांची मुलगी ओरडली, “तें ल्हान रे, ताका आऊट ना!” झालं, मुक्ता कच्चा लिंबू. पळायचं, ओरडायचं, पण बाद व्हायचं नाही.

हा शब्द आपण सगळेच लहानपणापासून वापरतो, पण त्यात काय काय आहे ते मी यंदा पाहिलं. जोरात फेकणारा मुलगा मुक्ता समोर आली की चेंडू हळूच घरंगळत सोडायचा. शेवटचं कौल रचायला तिच्या हातात दिलं जायचं, आणि तोवर दोघं तिच्या आडवे उभे राहायचे. चिन्मयही तसं करायला लागला. घरी तो तिला खेळण्याला हात लावू देत नाही. कोचिंगमध्ये त्याच्याहून फार लहान कुणी नसतंच, तर आपला जोर आवरायला तो शिकणार कुणाकडून?

दुपारी बागायतीत वेचलेल्या काजूच्या बियांचा डाव. एके दिवशी चिन्मय बावीस बिया हरला. जेवताना गप्प होता. दुसऱ्या दिवशी नऊ परत मिळवल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली ६० चांगली दम लागेल अशी. स्क्रीनसमोर बसणं तासाभराहून जास्त नको. केरीत मुक्ताची निम्मी मिनिटं सकाळच्या पेजेआधीच व्हायची. डिचोलीत पावसाळ्यात आमच्याकडे हे गणित उलटं होतं, आणि त्याचा मला त्रास होतो. खेळणं हा मुलांचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातल्या ३१ व्या कलमात तो आहे आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. जूनमधल्या सोसायटीच्या सभेत मी हे मांडणार आहे. संध्याकाळी पाच ते सात एका बाजूच्या गाड्या बाहेर, एवढंच मागणं.

निघायच्या आदल्या दिवशीची लगोरी. चेंडू मुक्ताच्या पायाला लागला आणि सवयीने सगळे म्हणाले, “कच्चा लिंबू, कच्चा लिंबू!” ती मध्येच थांबली. “मी नाही कच्चा लिंबू. मला आऊट करा.”

सगळे त्या मोठ्या मुलीकडे बघायला लागले. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “आऊट.”

मुक्ता येऊन पायरीवर बाद झालेल्या पोरांच्या रांगेत बसली, आणि मी जवळ घ्यायला गेले तर मला हाताने दूर केलं.