विचारून सांगणारी वेळ

घरात जितकी घड्याळं, तितक्या वेळा. आमच्या हॉलमधलं मुद्दाम पाच मिनिटं पुढे लावलेलं, स्वयंपाकघरातलं आपलं आपण मागे पडलेलं, आणि मोबाइल मात्र कायम बरोबर. या बरोबर असण्याचं मला फारसं कौतुक नाही. मोबाइल विचारून सांगतो. टॉवरला विचारतो, नाहीतर इंटरनेटवरच्या एखाद्या सर्व्हरला. ते पुढे विचारत विचारत शेवटी अणुघड्याळापाशी पोचतात. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद, हे १९६७ साली ठरलं. आपल्याकडे प्रमाणवेळ सांभाळते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा.

स्वयंपाकघरातलं घड्याळ कुणाला विचारत नाही. मागचा काळा डबा उघडला, की आत प्लास्टिकची चाकं, तारेचं एक वेटोळं आणि तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत नळी दिसते. सगळी अक्कल त्या नळीत. आत क्वार्ट्‌झचा इवलासा दोन पायांचा चिमटा असतो आणि पेन्सिल सेलच्या विजेवर तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगाच निवडलेला नाही. पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो. शेजारची चिप तेवढंच करते आणि दर सेकंदाला वेटोळ्याला एक झटका देते. टिक.

सेल संपत आला की सेकंदकाटा बहुधा नवाच्या आसपास अडतो. तिथे त्याला चढण असते. जागच्या जागी धडपडतो बिचारा, पण हार मानत नाही. उकाड्याचंही त्याला वावडं आहे. चिमटा साधारण पंचवीस अंशांना जुळवलेला असतो, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात तो दिवसाला सेकंदभर सहज मागे पडतो. थंडीतही मागेच. पुढे जायचं नावच नाही.

विचारणाऱ्यांची पंचाईत वेगळी. ड्रॉवरमध्ये कधीचा पडलेला फोन चार्ज करून चालू केला, की काही वेळा तो ठामपणे सांगतो: १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. आतून बऱ्याच यंत्रांची सेकंदांची मोजणी तिथूनच सुरू होते, फक्त तो शून्य ग्रिनिचच्या मध्यरात्रीचा. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे ही पहाट. दूधवाला यायची वेळ!

ही मोजणी ज्या जुन्या यंत्रांत ३२ बिटांच्या, म्हणजे ३२ शून्य-एकांच्या, खणात ठेवली आहे, त्यांचा खण १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला आकडा एकदम उणे होईल आणि त्यांना वाटेल, ग्रिनिचला आज १३ डिसेंबर १९०१. आता १९०१ मध्ये भारतीय प्रमाणवेळच नव्हती. ती आली १९०६ साली, आणि तरीही मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तेव्हा असं एखादं यंत्र मुंबईत निघालं, तर त्याच्या ग्रिनिचच्या वेळेत साडेपाच तास मिळवायचे की चार तास एक्कावन्न मिनिटं, यावर लोकलच्या डब्यात अंधेरी ते चर्चगेट भांडता येईल.